हाली रुपया लिलावात टाकताना राखीव किंमत सांगावी का?

मोंढ्यात हर्राशीला माल लावणारा शेतकरी मनातला आकडा आधी कुणाला सांगत नाही. भाव पटला नाही की ‘द्यायचं नाही’ म्हणतो आणि पोती पुन्हा गाडीत चढतात. जनावरांच्या बाजारात तर रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. त्या सवयीने घरातले हाली रुपये, म्हणजे हैदराबादच्या निजामाची चांदीची नाणी, ऑनलाइन लिलावात टाकतानाही आपली माणसं राखीव किंमत (ज्याखाली विकायचं नाही तो आकडा) झाकून ठेवतात. साध्या नाण्यांच्या बाबतीत हे तोट्याचं आहे.

मोंढ्यातला खरेदीदार ढिगाऱ्यासमोर उभा असतो, दिवस काढून आलेला असतो. ऑनलाइन गिऱ्हाइकासमोर तसलीच आणखी वीस नाणी असतात. तो ७०० ची बोली लावतो, ‘राखीव किंमत गाठलेली नाही’ असं येतं. मग ८००, तरी तेच. तिसऱ्यांदा तो बोली लावत नाही, शेजारचं नाणं बघतो. शिवाय झाकलेला आकडा हजारात असेल की पाच हजारात, हे कळत नसल्याने जाणकार माणूस सुरुवातच करत नाही.

कटकर आणि रायली या अर्थतज्ज्ञांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर हे तपासलं होतं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संग्राहक जमवतात त्या पोकेमॉन पत्त्यांच्या ५० सारख्या जोड्या घेतल्या. जोडीतल्या एका पत्त्याची राखीव किंमत झाकली, दुसऱ्याला तीच रक्कम पहिली बोली म्हणून उघड ठेवली. झाकलेले पत्ते कमी विकले गेले, खरे बोलीदार कमी आले आणि विकणाऱ्याच्या पदरातही कमी पडलं. अर्थात ते स्वस्त पत्ते होते. लाखाच्या मोहरेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

उघड करायचं की झाकायचं, त्याआधी आकडा नीट काढा. बहुतेकांचा घोळ इथंच होतो. चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१५ ग्रॅम. (ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्क्यांचा, त्याचा हिशेब याला लावला तर आकडा फुगतो.) समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे, तर सराफाच्या तराजूवर याचे ९१५. त्याखाली राखीव किंमत ठेवायचा प्रश्नच नाही, नाहीतर वितळवणाराच उचलून नेईल.

आता समजा हातात निव्वळ ११०० हवेत, पॅकिंग-कुरिअरचे ८० आणि लिलाववाल्याचं कमिशन १० टक्के. लोक ११८० वर दहा टक्के चढवून १२९८ लिहितात. पण कमिशन विक्रीच्या रकमेवर कापलं जातं. १२९८ मधून १३० गेले, ८० गेले, उरले १०८८. बरोबर पद्धत म्हणजे ११८० भागिले ०.९, म्हणजे १३११. ही रक्कम पहिली बोली म्हणून टाका. एक रुपयापासून सुरुवात तेव्हाच करा, जेव्हा त्या ठिकाणी अशा नाण्यांवर रोज दहा-बारा जण भिडताना दिसतात.

झाकायची कुठं? ज्याचा बाजारभाव तुम्हालाच ठाऊक नाही तिथं. नाण्यावरच्या चारमिनारच्या दारात ‘मीम’ हे उर्दू अक्षर असेल तर नाणं निजाम महबूब अली खानांचं, ‘ऐन’ असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खानांचं. त्यातलं एखादं दुर्मीळ साल किंवा टाकसाळीतली चूक असलेला नमुना निघाला, तर उघडा आकडा लोकांची नजर तिथंच बांधतो. पण तेव्हाही अंदाजित किंमत छापा, उदाहरणार्थ ८ ते १० हजार, आणि राखीव आकडा खालच्या टोकापलीकडे नेऊ नका. मोठी लिलावघरंही हाच नियम पाळतात. आकडा पूर्ण झाकला जात नाही, आणि गिऱ्हाइकाला आपण कुठल्या गल्लीत आहोत हे कळतं.

ईबेसारख्या यंत्रणेत एक बारकावा आहे. बोलीदाराने आधीच भरून ठेवलेली कमाल रक्कम राखीव किमतीला पोचली की चालू भाव उडी मारून थेट राखीव किमतीवर येतो. म्हणजे एकच खरा बोलीदार असला तरी तुमचा आकडा मिळतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात असली यंत्रणा नसते. तिथं झाकलेली किंमत म्हणजे फक्त विकणाऱ्याचा शब्द, आणि बोली थांबल्यावर तुम्ही ती वाढवली नाही हे कोण मानणार? लिलाव उघडण्याआधी आकडा ॲडमिनला लिहून पाठवा आणि संपल्यावर तोच मेसेज ग्रुपवर टाका.

मेव्हण्याला बोली लावायला बसवू नका. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार राखीव किंमत ठेवायला मुभा आहे, पण ती आहे हे जाहीर करावं लागतं. भाव चढवायला खोटी बोली लावली, तर खरेदीदार सौदा मोडू शकतो.

शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष कायद्यात येतं, त्यामुळे ते परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. या नाण्यांवर साल हिजरी असतं, आणि हिजरी १३३० म्हणजे इसवी सन १९१२ च्या आसपास, हे डोक्यात ठेवा आणि लिलावात ‘फक्त भारतात’ असं लिहा. शेत नांगरताना हंडा सापडला असेल, तर गोष्ट वेगळी: ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, १८७८ च्या कायद्याने. आणि फोटोआधी चिंचेने घासू नका. चकचकीत नाण्याला संग्राहक भाव पाडूनच मागतो.

माल गेला नाही तर आठवड्यात तोच पुन्हा टाकू नका, ‘शिळा’ म्हणून ओळखला जातो. सर्वांत वरच्या बोलीदाराला त्याच ठिकाणच्या नियमांत राहून विचारा. त्याची बोली १२०० असेल आणि तुमचा आकडा १३११, तर नवा लिलाव, नवे फोटो, पुन्हा महिनाभर वाट, हे सगळं १११ रुपयांसाठी करायचं का ते आधी ठरवा.