१५ लिटर, ४२ अंश: पाण्याच्या रॉडच्या दीड महिन्याच्या नोंदी

परभणीत डिसेंबर लागला की आमच्या घराचं घड्याळ पहाटेच्या बादलीवर चालतं. साडेपाचला अण्णांची अंघोळ, सहाला लेकीची, पावणेसातला तिला शिकवणीला निघायचं. रॉड एकच, १५०० वॅटचा. एका बादलीला साडेसव्वीस मिनिटं जात होती. ही वेळ किती खाली आणता येते, ते बघायचं ठरवलं.

मांडणी रोज तीच ठेवली. प्लास्टिकची बादली, मोजून १५ लिटर पाणी, ४२ अंशाला थांबायचं. स्वयंपाकात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर आणि व्होल्ट-वॅट दाखवणारा पिनचा मीटर. सुरुवात करण्याआधी न्हाणीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, अर्थिंग तपासून घेतलं. थर्मामीटर असो वा बोट, पिन काढल्याशिवाय पाण्यात काहीही घालायचं नाही हा नियम एकदाही मोडला नाही. तुम्हीही मोडू नका.

पहिल्या पाच नोंदी मी बाद केल्या. त्यात १८ मिनिटांत ४२ अंश आले होते आणि मला खूप आनंद झाला होता. सहाव्या दिवशी पिन काढून पाणी तळापासून ढवळलं, तर आकडा ३४ वर आला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि रॉडच्या खालचं पाणी गारच राहतं. मी नुसतं वरचं पाणी मोजत होतो. ज्यांनी कुणी वेळा टिपल्या असतील त्यांनी आधी हे तपासावं. ढवळल्याशिवाय मोजलेली वेळ खरी नाही.

मग हिशेब मांडला. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल लागतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १७ अंश, म्हणजे २५ अंश चढवायचे: १५ × २५ × ४.१९, सुमारे १५७० किलोज्यूल. १५०० वॅटने ही साडेसतरा मिनिटांची गोष्ट. मग माझी नऊ मिनिटं जात कुठं होती?

उत्तर मीटरवरच दिसत होतं. रॉडपाशी व्होल्टेज १९०, वॅट १०२४. रॉडवरचे १५०० वॅट २३० व्होल्टला असतात. व्होल्टेज उतरलं की वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतात. १७ टक्के व्होल्टेज कमी, तर जवळपास ३२ टक्के ताकद कमी. खात्रीसाठी एका दुपारी २२८ व्होल्ट असताना तीच बादली लावली. पाणी २४ अंशाचं होतं, मीटरवर १४७४ वॅट, हिशेबाने पावणेतेरा मिनिटं यायला हवी होती, लागली तेरा मिनिटं आणि ५ सेकंद. रॉड चोख आहे, त्याला पहाटे पुरती वीजच मिळत नाही.

बाहेरून येणारं व्होल्टेज माझ्या हातात नाही, पण घरातली वायर होती. न्हाणी परसात, सॉकेट स्वयंपाकघरात, मधे पाऊण चौरस एमएमची २० मीटर एक्स्टेन्शन. जाऊन-येऊन ४० मीटर तांबं म्हणजे साधारण १ ओहम, आणि साडेपाच अँपिअरला साडेपाच व्होल्ट त्या वायरमध्येच जिरत होते. वायर हाताला कोमट लागायची. ती माझ्या पाण्याचीच ऊब. शिवाय १५०० वॅटचा रॉड पूर्ण व्होल्टेजला साडेसहा अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावणं मुळातच चूक. इलेक्ट्रिशियनकडून न्हाणीपर्यंत अडीच चौरस एमएमची जाड वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट करून घेतलं. रॉडपाशी १९५ व्होल्ट, १०७८ वॅट. वेळ २५ मिनिटं १० सेकंद.

यानंतर क्षार. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, रॉडवर पांढरा थर नखाएवढा जाड झाला होता. सगळे सांगायचे, थर काढ, पाणी झटक्यात तापेल. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून रॉडचं वेटोळं रात्रभर बुडवून ठेवलं (पिन काढलेली, मूठ कोरडी). सकाळी तांबं लख्ख. वेळ बरोबर २५ मिनिटं. १० सेकंदांचा फरक माझ्या मोजण्यातलाही असेल, कारण मीटरवर वॅट आधी आणि नंतर तेच. आतल्या तारेचा रोध तोच राहिला, तर वीज तेवढीच ओढली जाणार, आणि बुडालेल्या रॉडची उष्णता पाण्याशिवाय जाणार तरी कुठं? थरामुळे एवढंच होतं, की ती बाहेर ढकलायला आतली तार जास्त तापावी लागते आणि रॉड लवकर जळतो. थर काढायचा तो रॉडच्या आयुष्यासाठी.

रॉडला जागा सोडून वर लाकडी फळीचं झाकण ठेवलं, अर्धा मिनिट वाचलं. बस.

आई म्हणाली, "अर्धीच बादली कडक तापव अन् वरून इसण घाल, लवकर होतं." अरुंद, उभी बादली घेतली, म्हणजे साडेसात लिटरमध्येही रॉडवरची पाण्याची खूण बुडते. १७ वरून ६७ अंश, मग तेवढंच गार पाणी, बरोबर ४२. लागली २५ मिनिटं. निम्मं पाणी पण दुप्पट अंश, काम तेवढंच. उलट पाणी जितकं कडक तितकी वाफ जास्त. आईला वही दाखवली. ती म्हणाली, बंबातही इसण घालायचोच की. खरं आहे, पण बंबात पऱ्हाट्या हव्या तेवढ्या सारता यायच्या, इथे वॅट ठरलेले.

आणि शेवटी जे सापडलं ते रॉडमध्ये नव्हतंच. ९ जानेवारीला पहाटे टाकी भरायला मोटार लावली, तर पाइपातून वाफा निघत होत्या. थर्मामीटर धरला: २६ अंश. खोल जमिनीतलं पाणी थंडी-उन्हाळा फारसा मानत नाही, वर्षभराच्या सरासरीपाशीच राहतं. तेच पाणी टाकीत रात्रभर उघड्या आभाळाखाली ९ अंश गमावतं, आणि ते मी विजेने परत मिळवत होतो. आता टाकी पहाटेच भरतो. पहिलं अर्धं मिनिट पाइपातलं गार पाणी टाकीत सोडायचं, मग बादली लावायची. २५ ऐवजी १६ अंशच चढवायचे. झाकणासह १५ मिनिटं ५० सेकंद. बादलीमागे जवळपास ०.१६ युनिट वीज वाचते, आणि मोटारीला वीज जास्त लागत नाही, कारण टाकी तशीही भरायचीच असते.

बोअर नसलेल्या शेजाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग चालू आहे: संध्याकाळी ऊन उतरताना टाकीतलं पाणी बादलीत काढून, झाकून, स्वयंपाकघरात ठेवायचं. काल पहाटे ते साडेबावीस अंश होतं. २००० वॅटचा रॉडही आणून ठेवलाय, पण तो पूर्ण व्होल्टेजला ८.७ अँपिअर ओढेल. मुख्य बोर्डापासूनची जुनी वायर बदलून झाली की लावतो. अण्णांची बादली सध्या साडेपाचच्या आधीच तयार असते.