नाव कुणाचं आहे ते आधी सांगा

"पैसे तर देतोय ना, मग खातं कुणाचं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

हा प्रश्न मला हिंदीत येतो, मराठीत येतो, आणि गेल्या दिवाळीत तो सख्ख्या जावेकडून भर पंगतीत आला. तिच्या भाच्याने माझ्याकडून ट्रेडमिल घेतली होती आणि पैसे मित्राच्या फोनवरून देत होता. मी घेतले नाहीत. एटीएमला पिटाळलं त्याला. तेव्हापासून सासरी माझं नाव 'इन्स्पेक्टर' पडलंय. पडू दे. पण दर वेळी दारात उभं राहून उत्तर देण्याचा मला कंटाळा आलाय, म्हणून आता एकदाच सविस्तर सांगते.

मी काय करते ते तुम्हाला माहीत आहे. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला गेलेली, आईवडीलही शेवटी त्यांच्याकडे निघतात, आणि इंदूरच्या रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या घरांचं जुनं सामान विकायचं काम माझ्या गळ्यात पडतं. फोटो काढायचे, जाहिरात टाकायची, येतील त्यांना दाखवायचं.

पहिला आरोप टॅक्सचा. नगद मागते म्हणजे काहीतरी लपवते. अहो, दोन लाख किंवा त्याहून जास्त नगद घ्यायला २०१७ पासून कायद्यानेच बंदी आहे, आणि लोकांच्या जुन्या दिवाणांना तेवढा भाव येत असता तर मला दुसरं काय हवं होतं! शिवाय मी नगदच मागते असंही नाही. यूपीआय रोज घेते. फक्त समोर उभा आहे त्याच्याच खात्यातून. बायकोचं खातं चालेल, पण मग बायको समोर पाहिजे.

दुसरा आरोप, की मी त्या क्यूआर कोड पाठवून लुबाडणाऱ्यांना घाबरले आहे. नाही हो. ती मंडळी मला फोनवरच्या दुसऱ्या वाक्यात कळतात. "मॅडम, महू में पोस्टिंग है, ट्रान्सफर आ गया." मग ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, वस्तू न बघताच भाव मंजूर, आणि शेवटी "क्यूआर भेज रहा हूँ, स्कॅन करके पिन डाल दीजिए, पैसे आ जाएँगे." महूची छावणी आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे हे सोंग इंदुरात जरा जास्तच खपतं. खरे फौजी मी पाहिलेत. रविवारी मोटरसायकलवर दोघं येतात, फ्रिजचं दार उघडून-लावून बघतात, पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात आणि ओळखपत्र चुकूनही काढत नाहीत. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हे आता आमच्या पोळ्यावाल्या मावशींनासुद्धा पाठ आहे. दहा हजारांऐवजी चुकून लाख गेले, बाकीचे परत करा, असं रडणारेही मी ऐकलेत. त्यांचा मेसेज बँकेकडून नाही, साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला 'पैसे पाठव' अशी रिक्वेस्ट टाकायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, तेव्हा एक दार लागलं. स्कॅन करायला लावणारे आहेतच.

माझ्या बाबतीत मात्र पैसे खरे आले होते. इथे आलं की ऐकणाऱ्यांची गाडी अडते. पैसे आले ना? मग फसवणूक कसली?

वरच्या मजल्यावरचे काका पुण्याला निघाले होते. त्यांचा कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड. काकांकडे स्मार्टफोन नाही म्हणून पैसे माझ्या खात्यात घ्यायचे ठरले. एक मुलगा आला, पंचविशीचा असेल. चप्पल बाहेर काढली. लेन्सवर तोंडाने फुंकर न मारता त्याने ब्लोअर मागितला, शटर काउंट विचारला. काका खूश. पोराला काहीतरी कळतंय म्हणून त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि संध्याकाळचा उजेड कसा पकडायचा यावर बोलत राहिले. भाव ४६,००० ठरला. मी फोनवर क्यूआर दाखवला. त्याने तो स्कॅन केला नाही, त्याचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला. "दीदी के अकाउंट से आ रहा है, मेरी आज की लिमिट हो गई." मग चहा झाला. काकांनी लेन्स पुसायचं कापड आणि जुनी बॅग फुकट दिली. मेसेज आला तो बँकेच्या नेहमीच्या नावावरूनच. तेवढ्यावर न थांबता मी ॲप उघडलं, शिल्लक बघितली. ४६,००० जमा. पाठवणारं नाव एका बाईचं. दीदी असेल. का नसावी? माझं वीजबिल माझा भाऊ भरतो, त्याच्या गाडीचा विमा मी भरला होता. आपल्याकडे कुठल्या घरात प्रत्येकजण आपापल्याच खात्यातून पैसे देतो?

पोरगा काकांच्या पाया पडून गेला. पैसे मी त्याच आठवड्यात काढून काकांना दिले.

पुढे बरेच दिवस काहीच नाही. काका पुण्याला गेलेसुद्धा. मग एका सकाळी भाजीवालीला चाळीस रुपये जाईनात. सर्व्हर असेल म्हटलं. गॅसवाल्याला जाईनात. विम्याचा हप्ता परत आला. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आवाज बारीक करून म्हणाली की साहेबांना भेटा. साहेब म्हणाले, डेबिट फ्रीझ. पैसे येतील, जाणार नाहीत. फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येते, ती येऊन पडत राहिली आणि मी भावाकडून उसने घेऊन दूध आणत राहिले. का, तर दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याचं पत्र. साहेबांनी चिठ्ठीवर तक्रारीचा लांबलचक क्रमांक आणि एक ईमेल लिहून दिला. आमच्या हातात काही नाही, म्हणाले. ते खरंही होतं, पण मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

फसलेला माणूस १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावतो. त्याच्या बँकेकडून पैसे कुठे गेले, तिथून पुढे कुठे गेले, अशी एकेक खातं पकडत अडवणूक होत जाते. व्यवस्था चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही, उद्या मी फसले तर पहिल्या तासाभरात मीही तोच नंबर लावेन. पण ती पैशाच्या मागे धावते. पैसे माझ्याकडे आले होते, मी सापडले. पोरगा कॅमेरा घेऊन गेला, आणि कॅमेऱ्यावर लीन, म्हणजे बँक खात्यातली रक्कम अडवून ठेवते ते, लागत नाही. हीच तर त्यांची युक्ती. एकीकडे कुणाचा तरी फोन ताब्यात असतो, दुसरीकडे एकजण माझ्या दिवाणावर बसून चहा पीत असतो, आणि चोरीचे पैसे सरळ माझ्या खात्यात येऊन त्याची विकता येईल अशी वस्तू होते. त्याच्या स्वतःच्या खात्याचा कुठे संबंधच येत नाही.

फोनवर तिथला अंमलदार पहिल्यांदा माझ्याशी टोळीतलीच एक असल्यासारखा बोलला. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, माझ्याशी त्या सुरात आजवर कुणी बोललं नव्हतं. मी फोन ठेवून रडले, आणि मग फाइल केली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मुलाशी झालेलं सगळं चॅट, काकांचं जुनं बिल, खोक्यावरचा सिरियल नंबर. मुलाचं ओळखपत्र नव्हतं, फोटो नव्हता. त्याचा नंबर बंद. सोसायटीच्या कॅमेऱ्यात जुनं काही उरलेलं नव्हतं. नात्यातला एक वकील मुलगा म्हणाला की पोलिसांना हे अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने आहेत, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, १०२ होतं. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय की अख्खं खातं नको, वादातल्या रकमेपुरतंच रोखा. तो निकाल जोडून अर्ज केला. निकालाने झालं की अंमलदाराला माझ्या फोनांचा वीट आला म्हणून झालं, माहीत नाही, पण खातं उघडलं. ४६,००० सोडून. त्यांच्यावरचा लीन आजही आहे.

आणि आता जे मी सहसा सांगत नाही ते. ती 'दीदी' खरोखर होती. पुढे सूर नरमल्यावर अंमलदारानेच सांगितलं की वीज कापणार असा मेसेज तिला आला, तिने फोनवर एपीके फाइल, म्हणजे बाहेरून आलेलं ॲप, घेतली, आणि खातं रिकामं झालं. माझ्या ॲपमध्ये तिचं नाव अजून दिसतं. पहिले काही दिवस मला त्या पोरापेक्षा तिचा राग जास्त आला. बाई, तू फाइल कशाला उघडलीस? मग कधीतरी डोक्यात आलं की ४६,००० तर तिचेच आहेत. मी कष्टाने, सचोटीने, कॅमेरा देऊन मिळवले हे खरं, आणि तिचे चोरले गेले हेही खरं. दोन्ही खरं असेल तर पैसे कुणी सोडायचे? काकांनी पुण्याहून पाठवायची तयारी दाखवली. मी घेतले नाहीत. घ्यायला हवे होते असं माझा भाऊ म्हणतो, वस्तू त्यांची होती, मी फक्त मधली. असेल. काकांना ते सांगायला माझी जीभ उचलत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर कधीकाळी मीच लोकांना शहाणपण शिकवलं होतं. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, ॲपमध्ये शिल्लक बघा, पैसे खात्यात दिसल्याशिवाय वस्तू हलवू नका. तो मेसेज अजून फिरतो, कुणीतरी मलाच फॉरवर्ड केला परवा. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तेव्हाची ती मी आज मला भेटली असती तर म्हणाली असती, सगळे नियम पाळलेस, मग कुरकूर कसली? मी तिला म्हटलं असतं, तू पैसे आले का एवढंच विचारत होतीस, कुणाचे आले ते विचारलंच नाहीस. त्यावर ती म्हणाली असती, ते विचारायला लागलीस तर तुझ्याकडे कोण येईल?

येतात, पण कमी येतात. खंडवा रोडला राहणारी एक मुलगी अभ्यासाचं टेबल घ्यायला आली होती. पैसे बाबा खरगोनहून पाठवणार. तीन हजारांचं टेबल. मी बाबांना व्हिडिओ कॉल करायला लावला आणि नाव विचारलं. ते शेतात होते, पाठीमागे पंप चालू होता. बिचारे पाकिटातून आधार काढून कॅमेऱ्यासमोर धरायला लागले. मी मागितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. ती मुलगी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होती. टेबल नेलं तिने, पण परत माझ्याकडे येणार नाही. तीन हजारांसाठी एवढं करायला हवं होतं का? त्या रात्री वाटलं, नको होतं. दुसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरायला गेले आणि पुन्हा वाटलं, हवं होतं.

खरं विचाराल तर यात थोडा सूडही आहे. त्या पोराला जे विचारू शकले नाही ते मी आता दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याबद्दल माझी क्षमा करायला हरकत नाही, कारण सोफा तुम्हाला बाजारभावापेक्षा स्वस्तच मिळालाय.

माझा नियम सध्या असा आहे. खात्यावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळला पाहिजे, ओळखपत्र बघणार, वस्तूबरोबर तुमचा एक फोटो काढणार, सिरियल नंबरची पावती दोघांच्या सहीने. क्यूआरचा फोटो काढून बाहेर पाठवलात तर व्यवहार तिथेच संपला. मोबाइल, कॅमेरा, सोन्याचं नाणं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात खपेल असं काही असेल तर फक्त नगद, आणि नोटा मी उजेडात बघून घेणार.

माझा भाचा म्हणतो, आत्या, हे सगळं ठीक, पण आता हे लोक भाड्याने खाती घेतात. गरिबाला चार पैसे देऊन त्याचंच खातं वापरतात, त्यालाच पुढे उभा करतात. नाव जुळेल, फोटो जुळेल, आधारही खरं असेल, आणि पैसे तरीही कुणा दुसऱ्याचे असतील. मी म्हटलं, तेव्हा पोलिसांना दाखवायला निदान एक चेहरा तरी असेल. तो म्हणाला, त्या गरिबाचा ना? त्यावर मी त्याला काही बोलले नाही. रविवारी लोकमान्य नगरातला एक फ्रिज दाखवायचा आहे, आणि घेणाऱ्याने आत्तापासूनच विचारलंय की पैसे मेहुण्याच्या खात्यातून चालतील का.