आधी वाचून दाखवा

डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीत मी सचिव आहे. गोव्यात पंचायत निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, पण कोण कुणाचा माणूस हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गावातली दरी मात्र पक्षांहून खोल. खाण हवी की नको? २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि एकाच वाड्यावरची माणसं चवथीला एकमेकांच्या घरी जाईनाशी झाली.

त्या रविवारच्या ग्रामसभेसाठी खाण सुरू करण्याचा आणि तिला विरोध करणारा असे दोन्ही ठराव माझ्याकडे आले होते. आदल्या सभेत माईकची ओढाओढ झाली होती, म्हणून दाराशी पोलीस. सभा सुरू होण्याआधी मी सरपंचांना विनंती केली. प्रत्येकाचं बोलणं मी तिथल्या तिथे लिहीन आणि मोठ्याने वाचीन. बोलणाऱ्याने "हो, हेच म्हणालो" म्हटल्यावरच माईक पुढे जाईल. ते तयार झाले.

पहिला उठला एक ट्रकमालक. "खाण जाय. आमी कितें खावचें?" म्हणजे खाण हवी, आम्ही काय खायचं? मी लिहिलं, 'खाण सुरू व्हावी.' वाचल्यावर तो म्हणाला, "एवढंच नाही. ट्रक अंगणात गंजतोय. हप्त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. तेही लिहा." तेही लिहिलं, वाचलं. समोरच्या रांगांतली कुजबुज पाटल्यांपाशी थांबली.

मग एक वयस्क शेतकरी उठले. "माझ्या नावावर नुसतं 'खाण नको' लिहू नका. पावसात डंपची, म्हणजे खाणीतून काढून रचलेल्या ढिगाची, माती नाल्यातून शेतात येते. गुडघाभर लाल गाळ. तरवा लावू कुठं?"

ट्रकवाल्यांतून कुणीतरी विचारलं, "खाण बंद आहे, तरी येते?"

"तेच तर सांगतोय. खाण बंद, गाळ चालू."

इतक्या सभांत एका बाजूने दुसऱ्या बाजूला खरोखर माहिती हवी म्हणून विचारलेला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे माणसं मतावरून जेवढी तुटतात, त्याहून जास्त आपलं म्हणणं अर्धवट ऐकलं जातं म्हणून तुटतात.

तासाभरात तिसरा ठराव उभा राहिला. नाल्यातला गाळ पावसाआधी उपसावा आणि डंपच्या पायथ्याशी बांध घालावा. सूचक ट्रकमालक, अनुमोदक तेच शेतकरी. तो एकमताने संमत झाला.

खाणीवरच्या ठरावांचं मतदानही झालं. एक जिंकला, एक पडला. कुठला ते मी सरकारी नोकर असल्याने इथं लिहीत नाही. पडलेल्या बाजूचे काही जण उठायला लागले, तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, "१९६७ च्या जनमत कौलात आमच्या घरात महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारं फूल आणि वेगळं राहा म्हणणारी दोन पानं, दोन्ही होती. कौल लागला तरी पंगत एकच राहिली. बसा." बसले.

ठरावाची प्रत जलस्रोत खात्याकडे गेली. पाहणीला अभियंता आला तेव्हा नाला कुठं तुंबतो हे दाखवायला ट्रकमालक आणि शेतकरी दोघेही हजर होते, आणि तिथंही खाणीवरून त्यांची जुंपली. नाल्यातला गाळ पावसाआधी निघाला. बांधासाठी दोघे मिळून अजून खेटे घालताहेत.