आमची वाटचाल: श्रद्धांजलीच्या बोर्डावर कुणाचा फोटो नाही

गोव्यात फोंड्याला जुन्या बस स्टँडकडे आमचं डिझाइन आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. सुरुवात स्क्रीन प्रिंटिंगने, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, शिगम्याचे बॅनर, मग कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो, कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घेतलं, हे सगळ्या प्रिंटिंगवाल्यांचं सारखंच असतं म्हणून लांबवत नाही.

वळण लागलं ते 2019 ला. 14 फेब्रुवारीला पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी, स्पोर्ट्स क्लब, पायलट म्हणजे आमचे मोटरसायकल टॅक्सीवाले, देवस्थानची कमिटी, शाळा, सगळ्यांना संध्याकाळच्या मोर्च्याआधी बोर्ड पाहिजे. मॅटर बघितलं तर जवान वर स्टँप साइझ, आणि खाली अर्ध्या बोर्डावर हात जोडलेले पुढारी! एक जण तर म्हणाला, "म्हजो फोटो मातसो व्हड कर मरे," म्हणजे माझा फोटो जरा मोठा कर रे. तिथेच ठरवलं, श्रद्धांजलीच्या बोर्डावर जिवंत माणसाचा फोटो लावायचा नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

मग एकच लेआउट केला, पांढरी जागा भरपूर, जवानांना वंदन, बस. कुणाचा फोटो नाही त्यामुळे तो बोर्ड कुणा एकाचा राहिलाच नाही, देवळाच्या कमिटीने धरला, पुढे चर्चच्या पोरांनी, मग मार्केटातल्या मुस्लिम दुकानदारांनी. एकी एकी म्हणून आपण भाषणं करतो, पण कधीकधी बोर्डावरचा फोटो काढून टाकला तरी पुरतं.

दुसरा नियम झेंड्याचा. लोकांना फ्लेक्सवर अख्खा तिरंगा पाहिजे आणि त्याच्यावर नाव, वॉर्ड, मोबाइल नंबर. आता 2002 च्या ध्वजसंहितेप्रमाणे झेंड्यावर अक्षरं घालता येत नाहीत, आणि जुना फ्लेक्स शेवटी जातो कुठे, तर जूनचा पाऊस लागला की लाकडं नाहीतर स्कूटर झाकायला! म्हणून फ्लेक्सवर अख्खा झेंडा नाही, फक्त रंग. ते रंगही जपावे लागतात, मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाई जरा वाढली की केशरी विटकरी दिसतो, कमी झाली की हळदी. चक्र घेतलंच तर 24 आरे मोजून आणि गडद निळं, नेटवरच्या क्लिपार्टवर भरवसा नाही.

22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 माणसं मारली तेव्हा पोरं आग, कवट्या, रक्त असलेली डिझाइन्स घेऊन आली. राग मलाही होताच, पण रागाचा बोर्ड तिसऱ्या दिवशी बघवत नाही. मग 7 मेला ऑपरेशन सिंदूरचा लोगो आला. काळी पाटी, पांढरी अक्षरं, इंग्रजी SINDOOR मधल्या एका ओच्या जागी सिंदुराची वाटी आणि बाजूला सांडलेलं लाल. कुठली जाहिरात कंपनी नाही, आर्मीतल्याच दोघांनी केलेलं काम. ज्या बायकांचं कुंकू गेलं त्यांची गोष्ट कवटी न दाखवता सांगितली. न्यूयॉर्कला 2001 च्या हल्ल्यानंतर मिल्टन ग्लेझर या डिझायनरने असंच केलं होतं, स्वतःच्याच प्रसिद्ध I ♥ NY लोगोतल्या लाल बदामाच्या कोपऱ्यावर एक काळा डाग. आमच्या ऑपरेटरला दोन्ही शेजारी लावून दाखवले, तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला आधी विचारतो, यातलं काय काढून टाकू?

आता आम्ही कापडावरही छापतो. 15 ऑगस्टनंतर काउंटरवर एक खोका ठेवतो, रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे लोक आणून त्यात टाकतात, पायलट सगळ्यात जास्त आणतात.