कापूस वेचणीच्या दिवसात काम अन् घराचा कसला आला बॅलन्स

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडे दिवाळीच्या आसपास कापूस फुटते, आंबिया बहाराची संत्रा तोडणीही तेव्हाच, अन् हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पाण्याची मोटार चालवणारी थ्री फेज लाईन रात्रीची, मंग झोपायचं कधी सांगा? डब्ल्यूएचओ म्हणते आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. आता बायको दिवसभर वाकून कापूस वेचते, कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करते, बोटं बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली, घरी आल्यावर भाकरी तिच्याच मागं, तिले व्यायाम कोणत्या तोंडानं सांगू? यंदा शेजारच्या काकांसोबत पाळी लावली, एका रात्री दोघांच्याही मोटारी ते पाहतात, दुसऱ्या रात्री मी. झोप होते, अन् भाकरी नाही पण भाजी मी टाकतो. पोराच्या अभ्यासाचं मात्र अजून जमलं नाही बा.