आप्पांच्या नावाने लागलेलं घर : माझा अनुभव

1 मार्च 2020, रविवार. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत होती. दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, यादीत आप्पांचं नाव आहे!" आई भाजी परतत होती. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच खाली बसली. आप्पांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आप्पा परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना पुन्हा धड पगार मिळाला नाही. गिरणीच्या जमिनीवर कामगाराला घर मिळणार, हे मात्र त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. त्याला आधारही होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे जमिनीचा एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी विभागणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. आमच्यासारख्यांची रांग लांबली ती तिथे, असं मला आजही वाटतं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. सोडतीत निघालेली घरं 2012 मध्ये 6,925, 2016 मध्ये 2,634 आणि पनवेलजवळच्या कोनची 2,417, मग 2020 मध्ये 3,894. 2012 च्या सोडतीला आप्पा धुतलेला सदरा घालून गेले होते. नंबर लागला नाही, तर घरी येऊन म्हणाले, "पुढच्याला लागेल."

नंबर लागला की घर मिळालं, असं लोकांना वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कामगार 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, हे कागदाने दाखवावं लागतं. आईने सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत जपलं होतं : गिरणीचं तिकीट म्हणजे कामगाराचं ओळखपत्र, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, दोन पगारपावत्या. पावत्यांची घडी जिथे पडली होती तिथे शाई उडून गेलेली. तिकीट नंबर मात्र स्पष्ट दिसत होता, आणि त्यानेच आम्हाला तारलं. अडचण आली ती नावाची. भरतीच्या दिवशी कारकुनाने "पांडू" लिहून घेतलं होतं. रेशनकार्डावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर "पांडुरंग". ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं प्रतिज्ञापत्र आईने केलं.

तेवढ्यात लॉकडाऊन लागला. सगळं होतं तिथे थांबलं, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये आई गेली.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आता वारस आम्ही तीन भावंडं. कोर्टातून वारस दाखला काढायचा, त्यासाठी वकील, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कोणाची हरकत येते का याची वाट. दोन्ही बहिणींनी माझ्या नावे संमती दिली. सही करताना मोठी ताई रडली. तिचं लग्न ठरलं तेव्हा आप्पा संपात होते, आणि तिला द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तिने हक्क सोडला हे मी विसरणार नाही. वडाळ्याला लागलेलं हे घर माझ्याइतकंच तिचंही आहे.

दाखला हातात यायला आठ महिने लागले. मग घराचे साडेनऊ लाख. माझ्या वयाच्या माणसाला वीस वर्षांचं कर्ज मिळत नाही, म्हणून मुलाला सहकर्जदार केलं. जे यातून जाणार आहेत त्यांना कळकळीने सांगतो : कामगार हयात असतानाच सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्या, आणि भावंडांशी वारसाबद्दल आजच बोला. सोडतीनंतर बोलायला गेलं की घरात पैसा दिसायला लागतो, मग माणसं बदलतात. हे मी शेजारच्या खोलीत पाहिलंय.

चावी 2024 मध्ये मिळाली. 225 फुटांचं घर. पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी आप्पा-आईचा फोटो लावला. खिळा ठोकायचा तर भिंत कडक, तीन खिळे वाकले.

चाळीतले काका, आप्पांच्याच खात्यातले, अजून रांगेत आहेत. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. गिरणी कामगारांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीला देऊ केलेल्या घरांचं विचारलं तर म्हणतात, "कर्जतच्या गाडीने मला कोण आणायचं केईएमला?" परवा त्यांची पिशवी घेऊन बसलो. तिकिटावर "तुका" आहे, आधारवर "तुकाराम". सोमवारी त्यांना नोटरीकडे घेऊन जातोय.