चुन्याचे बाण : लष्करातल्या एका छोट्या फर्मची वाटचाल

थंडीतल्या दर रविवारी पहाटे साडेचारला मी मितावलीच्या टेकडीखाली उभी असते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फक्कीचा डबा. मूठभर चुना घेऊन धुळीत पहिला बाण काढायचा आणि मग पुढच्या फाट्यापर्यंत चालत जायचं. ग्वाल्हेरच्या आसपासच्या खेड्यांतून, जुन्या देवळांच्या आणि गढ्यांच्या वाटांनी लोकांना धावायला नेणं हा आमचा व्यवसाय. अकरा हिवाळे झाले. माणसं वाढली, जीप आली, पण पहिला बाण मी अजून स्वतःच काढते.

आमचं घर लष्करात. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे नाव सांगितलं की ते सैन्याची छावणी समजतात, आणि मुळात होतीही ती छावणीच. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो हलला नाही आणि त्याचंच शहर झालं. मी इथल्याच लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकले. सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1957 साली, ही संस्था सुरू झाली. पुढे सोळा वर्षं शाळेत खेळाची शिक्षिका होते. धावणं रोजचंच, पण कुठे, तर मैदानावर चकरा नाहीतर उरवाई दरवाज्यातून किल्ल्याचा चढ. तो चढ मला फार प्रिय आहे. दोन्ही अंगांना कड्यात कोरलेले तीर्थंकर, तोमर राजांच्या काळातले, पंधराव्या शतकातले. सगळ्यांत उंच मूर्ती 57 फुटांची. धाप लागलेली असताना त्यांच्या पायांशी आपण किती लहान आहोत ते कळतं. पण तिथे गाड्या, हॉर्न, गर्दी. मला शांत वाट हवी होती.

ती मितावलीला सापडली. 2012 च्या डिसेंबरात मामेभावाच्या स्कूटरवरून मी तिथे पहिल्यांदा गेले. सपाट शेतातून एकदम वर आलेली शंभरेक फुटांची टेकडी, आणि तिच्या माथ्यावर गोल चौसष्ट योगिनी मंदिर. आतून भिंतीला लागून 64 छोट्या खोल्या, मध्ये शंकराचा गोल मंडप. 1323 सालच्या शिलालेखात हे मंदिर कच्छपघात राजा देवपालानं बांधल्याचं म्हटलंय. छतावरचं पाणी भोकं पाडलेल्या शिळांमधून खाली साठवणीत उतरतं. दिल्लीची जुनी संसद यावरून बेतली असं इथला प्रत्येक जण पाहुण्यांना सांगतो. मी सांगत नाही, कारण त्याला कागदोपत्री आधार मला कुठे मिळालेला नाही. त्या दिवशी मात्र मी मंदिराकडे पाठ करून कठड्याशी किती तरी वेळ उभी होते. खाली मोहरी फुललेली, आणि पिवळ्याच्या मधून एक बारीक वाट पढावलीच्या गढीकडे जाताना दिसत होती. म्हटलं, हिच्यावरून धावायचं.

वाट दिसते एका नजरेत, पण तिच्यावर पाय ठेवायला वेळ लागतो. ती शेताच्या बांधावरून जाते आणि बांध कुणाचा तरी असतो. पहिल्या दिवशी एका दादींनी मला हटकलं. डोक्यावर गवताचा भारा, पदर दातात. "कौन भगा रहा है तोय?" तुझ्यामागे कोण लागलंय? कुणी नाही, अशीच धावतेय, असं सांगितल्यावर त्यांनी भारा खाली ठेवला आणि मला नीट न्याहाळलं. पुढच्या रविवारी त्यांनीच हाक मारून ताकाचा लोटा दिला. संबंध हिवाळा मी त्या गावांतून नुसती जात राहिले. कुणाचं ट्यूबवेल कुठे, कुणाचा कुत्रा अंगावर येतो, गव्हाला पाणी दिलं की कोणता बांध निसरडा होतो, सगळं पायांनी शिकले. मोजचाक ढकलत बारा किलोमीटरचा फेरा आखला तो त्यानंतर. आमच्या धंद्यातलं खरं भांडवल ही ओळख आहे. देवळं तर सगळ्यांचीच आहेत, कुणीही गाडीनं जाऊन बघून येतं. दोन देवळांमधली जमीन मात्र तिथल्या माणसांनी जाऊ दिलं तरच आपली होते.

त्या फेऱ्यात पढावली येते, म्हणजे देऊळ होतं त्याची गोहदच्या जाट राजांनी, म्हणजे तिथल्या राणा घराण्यानं, गढी केली ती जागा. मंडपाच्या आत मान वर केली की रामायण, कृष्णलीला, नुसती दाटी. तिथून थोडं पुढे दरीच्या कुशीत बटेश्वर. गुर्जर-प्रतिहारांच्या काळातली, आठव्या ते दहाव्या शतकातली सुमारे दोनशे लहान-मोठी देवळं, आणि एके काळी त्यांतली बहुतेक सगळी दगडांचा ढीग होऊन पडलेली. 2005 पासून पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी तो ढीग निवडायला घेतला. तेव्हा या भागात डाकू निर्भय गुर्जरच्या टोळीचा वावर होता. त्यांना समजावून काम सुरू करावं लागलं. टोळी संपली तर शेजारच्या खाणींचे सुरुंग देवळांना हादरे देऊ लागले. त्याही लढाईतून ऐंशीच्या आसपास देवळं पुन्हा उभी राहिली. उरलेले दगड अजून रांगांनी, ढिगांनी पडलेले आहेत. एखाद्या आमलकावर हात ठेवून उभं राहिलं की वाटतं, हा चक्रासारखा दगड कुठल्या शिखराचा, ते कुणी तरी गुडघे टेकून, मोजून, जुळवून शोधलं. असं काम करणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे. म्हणून आमचा नियम कडक आहे : देवळांच्या आवारात कुणी धावायचं नाही. घड्याळ थांबवायचं, बूट काढायचे, चालायचं. वेळ बिघडते म्हणून कुरकुर करणारे असतात. मी त्यांना आधीच सांगते, तुम्हाला वेळ हवी असेल तर शहरातली मॅरेथॉन चांगली.

पैसे घेऊन पहिली फेरी केली ती जानेवारी 2015 मध्ये. अकरा जण, प्रत्येकी 600 रुपये, त्यात बेडई-भाजीचा नाश्ता. धुकं असं की दहा पावलांवरचं दिसेना. मी रात्रीच बाण काढून ठेवले होते. पढावलीच्या अलीकडच्या फाट्यावर उजाडताना एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन गेला आणि बाण पुसला गेला. चौघं सरळ जायच्या ऐवजी डावीकडे गेले. फोनला रेंज नाही. दीड तास मी बांधाबांधावरून हाका मारत फिरत होते. घशाला कोरड, आणि डोक्यात एकच, यांच्या घरी काय सांगू? शेवटी सायकलवरून शाळेला निघालेला एक मुलगा त्यांना घेऊन आला. एकाचा घोटा टम्म सुजलेला. त्या मुलानं स्वतःचा मफलर पाण्यात भिजवून त्याला बांधला होता. मी सगळ्यांचे पैसे परत केले आणि घरी येऊन यांना म्हटलं, झालं, बंद. हे म्हणाले, बंद कशाला, फाट्यावर माणूस उभा कर. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर बाण असतो आणि माणूसही असतो, गावातलाच, रोजावर. त्या चार-पाच जणांचा रोज हा आमचा सगळ्यात मोठा खर्च. तो कधी कमी केला नाही.

2019 मध्ये बाहेरच्या एका कंपनीनं मोठी ऑर्डर देऊ केली होती. तीनशे धावक, लाउडस्पीकर, ड्रोन, मितावलीच्या पायऱ्यांशी फिनिश लाइन. आमच्या तीन वर्षांच्या कमाईएवढी रक्कम. रात्रभर झोप लागली नाही, पण सकाळी नाही म्हणून कळवलं. तीनशे जोडी बूट उभ्या पिकातल्या बांधावर? दादींना मी तोंड काय दाखवलं असतं! पुढच्याच वर्षी करोना आला आणि कमाई शून्यावर गेली. त्याच वर्षी श्योपूरची नॅरोगेज बंद झाली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून 199 किलोमीटर डुलत जाणारी आमची छोटी रेल्वे. ते दिवस वाईट होते. जीपचे हप्ते मी शिकवण्या घेऊन फेडले.

आता मार्ग तीन आहेत. तिघऱ्याचा सोपा आहे, नव्या लोकांसाठी, धरणाच्या पाण्याकाठून. 19 ऑगस्ट 1917 ला पायातल्या वालुकाश्मात पाणी मुरून हे धरण फुटलं होतं, पुढे ते पुन्हा बांधलं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवले तसे आपोआप उघडणारे दरवाजे इथेही बसवले गेले, हे सांगितलं की पुण्याचे पाहुणे खूश होतात.

पनिहारचा मार्ग माझ्या अगदी जवळचा. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूरला आणि पनिहारला. जनकोजीराव शिंदे वारलेले, दत्तक जयाजीराव लहान, जनकोजीरावांच्या विधवा ताराबाई राज्य बघत होत्या, आणि इंग्रज दोन बाजूंनी चालून आले. ग्वाल्हेरची मराठी फौज हरली, पण गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. जिंकून नेलेल्या त्या तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या शिपायांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं पाडली. पानिपताबद्दल आपल्याकडे लहान पोरही बोलतं. पनिहार मात्र लष्करातल्या मराठी घरांतही कित्येकांना ठाऊक नसतं. दर 29 डिसेंबरला आम्ही तिथे धावतो, फी न घेता. गेल्या वर्षी माझी 78 वर्षांची आत्याही जीपमधून आली. धावणं संपल्यावर तिनं डब्यातले तिळाचे लाडू सगळ्यांना वाटले आणि मग शेताकडे बघत हात जोडले. मी तिला काही विचारलं नाही.

सायकलवरचा तो मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे आणि फर्ममध्ये माझा भागीदार. सध्या तो चौथ्या मार्गाच्या मागे लागलाय, सिहोनियाच्या ककनमठाकडे. अकराव्या शतकात कीर्तिराजानं बांधलेलं ते देऊळ शंभर फूट उंच आहे, चुन्याशिवाय, दगडावर दगड रचून. परवा रात्री त्याचा फोन आला. मोजचाकानं चौदा किलोमीटर भरले, दोन ठिकाणी बांधाचे मालक अजून तयार नाहीत, एका घरी कुत्री व्यालेली आहे म्हणून वळसा घ्यावा लागेल. म्हटलं, घाई करू नकोस, या हिवाळ्यात नुसता जात राहा. तर म्हणाला, "ताई, तिथली एक दादी विचारत होती, तुझ्यामागे कोण लागलंय म्हणून."

रविवारची फेरी आटोपली की मी त्याच्याबरोबर जाणार आहे. आत्यानं त्या दादींसाठी लाडू बांधून ठेवलेत.